डोळ्यातली खिडकी

पडदा वर जाऊ द्या. सावकाश, कारण दोरी जुनी आहे.

समोर एक लांबट खोली. नाट्यगृहाच्या वरच्या मजल्यावरची. तिथे जायचा जिना इतका अरुंद, की जाड माणसानं आधी पोट पाठवावं आणि मग स्वतः जावं. डाव्या हाताला एकच खिडकी, पण जवळजवळ अख्खी भिंत तिनंच खाल्लेली. खिडकीला राखाडी पडदा. मागे कापडावर रंगवलेलं तळं आणि तळ्यात दोन राजहंस, त्यातल्या एकाची मान ओलीनं फुगून त्याचं पार बदक झालेलं. मधोमध स्टूल. स्टुलासमोर लाकडी स्टँडवर जुना कॅमेरा, ज्याला एकावर एक असे दोन डोळे असतात तो. आणि खिडकीपाशी पडदा हातात धरून एक बाई उभी आहे. तिच्याकडे कुणी बघत नाही. तुम्हीही आत्ता बघू नका.

कारण नायकाचा प्रवेश होतोय. अंगानं काडी, बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या, एक डोळा मिटलेला. दुसऱ्या डोळ्यापुढे काळसर काचेची एक चकती चिमटीत धरलेली आणि ती तो सावकाश फिरवतोय. स्टुलावरच्या गिऱ्हाइकाला वाटतं, हा आपलं भविष्य बघतोय.

"चकाकी आहे," तो म्हणतो. चकती थोडी फिरवतो. "अजून आहे." आणखी थोडी. "हां, गेली. आता हलू नका. श्वास घ्यायचा असेल तर आत्ताच घेऊन ठेवा."

हे आमचे फिरकीभाऊ. खरं नाव दुकानाच्या पाटीवर होतं, पण पाटीवर दिवसभर ऊन पडायचं आणि चकाकीमुळे ते कुणाला वाचताच यायचं नाही. याचा त्यांना शेवटपर्यंत राग होता.

मी खालच्या नाट्यगृहातल्या कंपनीत राण्या करायचे. दोन अंकांच्या मध्ये दम खायला वर जायचे, कारण वर वहिनी होत्या, म्हणजे भाऊंच्या पत्नी, आणि वहिनींचा चहा होता. भाऊ मला ताई म्हणायचे. मुकुट घालून गेले की म्हणायचे, "ताई, तो डबा आधी काढा. पत्र्याची चकाकी माझ्या काचेला जुमानत नाही."

ही काच त्यांच्याकडे कशी आली, ते सांगते. भाऊंकडे त्या काळी एक सायकल होती. जुन्या कॅमेऱ्यांच्या एका व्यापाऱ्याकडे त्यांनी ती कायमची उभी केली आणि येताना खिशात ही चकती घेऊन, चालत आले. वहिनींनी ती हातात घेऊन उलटी-सुलटी केली.

"गेलात तेव्हा दोन चाकं होती," त्या म्हणाल्या. "आलात ते एक घेऊन. तेही बशीच्या मापाचं."

"अगं, पोलरायझिंग फिल्टर आहे हा."

"बसता येतं त्यावर?"

त्यानंतर भाऊ जन्मभर पायी हिंडले, आणि दिसेल त्या माणसाला फिल्टरची महती सांगत हिंडले. मला त्यांनी ती माझ्या भाषेत समजावली. साधा उजेड म्हणजे आपला प्रेक्षक. उभा, आडवा, तिरका, कसाही आत घुसतो. पण काचेवरून, पाण्यावरून, तेलकट कपाळावरून उडून आलेला उजेड मोठा शिस्तीचा, बराचसा एकाच अंगावर पडून येतो. फिल्टर म्हणजे दारावरचा तिकीट बघणारा. त्याला नेमका फिरवून उभा केला, की त्या अंगावर येणाऱ्यांना तो आत सोडत नाही. चकाकी बाहेर राहते आणि तिच्यामागे जे काही लपलं होतं ते दिसायला लागतं. फक्त दारावर असा खमका माणूस उभा केला की गर्दीही कमी होते. म्हणून कॅमेऱ्याची झाप जास्त वेळ उघडी ठेवायची आणि गिऱ्हाइकानं तेवढा वेळ पुतळा व्हायचं.

भाऊंच्या कॅमेऱ्याची आणखी एक गंमत होती. त्याचा वरचा डोळा बघायचा आणि खालचा टिपायचा. म्हणून फिल्टर आधी स्वतःच्या डोळ्यापुढे धरून फिरवायचा, चकाकी गेली की थांबायचं, कडेवरचा ठिपका घड्याळात किती वाजल्याच्या जागी आहे ते ध्यानात ठेवायचं, आणि तसाच्या तसा खालच्या डोळ्यावर बसवायचा. ठिपका वहिनींच्या नेलपॉलिशचा होता. नेलपॉलिशची ती बाटली वहिनींच्या नखांना फारशी कधी लागली नाही.

काळ्यापांढऱ्या रोलवर ढग उठून दिसावेत म्हणून भाऊ पूर्वी लाल काच लावायचे. आभाळ काळं ठिक्कर पडायचं, ढग पिंजून ठेवल्यासारखे; पण समोरच्या माणसाचे लाल ओठही पांढरेफटक व्हायचे. अशा एका फोटोत मी राणीच्या वेषात उभी आहे आणि विष प्यायचा प्रवेश पहिल्याच अंकात उरकलेला दिसतोय. नव्या काचेनं तसं होत नव्हतं. सूर्य एका खांद्याकडे घेतला की आभाळ गडद आणि ओठ जागच्या जागी. रंगीत रोलवर तर लाल-पिवळ्या काचा चालतच नाहीत, सगळं जग त्याच रंगात बुडतं. तिथे हीच एक.

गावात या काचेचा बोलबाला झाला आणि भानगडीही झाल्या. एका कापडवाल्याला त्याच्या दुकानाच्या दर्शनी काचेचा फोटो हवा होता. भाऊंनी चकाकी काढली. फोटोत रस्ता नाही, ऊन नाही. काचेमागे कापडाचे तागे आणि ताग्यांवर मान टाकून घोरणारा मालक.

"अहो, मी झोपलेला कसा काय दिसलो?"

"तुम्ही झोपला होतात म्हणून."

मग नगराध्यक्ष. छातीभर पदकं लावून कचेरीच्या पायऱ्यांवर, मोटारीला टेकून उभे राहिले. भाऊंनी काच फिरवली. चष्म्याची चकाकी गेली, मोटारीच्या बाजूची गेली. पदकं तशीच लखलखत राहिली.

"यांची का नाही जात?" अध्यक्षांनी विचारलं.

"साहेब, धातूची जात नाही."

अध्यक्ष खूश झाले. चार लोकांत सांगत सुटले की विज्ञानानं आपली पदकं अस्सल ठरवली. मोठा प्रिंट करून कचेरीत लावला. पण नीट बघितलं तर त्यातल्या दोन पदकांची चकाकी अगदी साफ गेली होती. कचेरीतले सगळे कारकून तो फोटो बघायचे, आणि फोटोकडे बघताना सगळ्यांना एकदम खोकला यायचा.

पण भाऊ हे सगळं कुणाची फजिती करायला करत नव्हते. त्यांच्या मनात एक जुना काटा होता. स्टुडिओ मूळ त्यांच्या वडिलांचा. आयुष्यभर लोकांचे फोटो काढलेल्या त्या माणसाचा स्वतःचा एकच फोटो होता, तोही त्यांनी लांब रबरी नळीचा फुगा दाबून आपला आपणच काढलेला. तो खिडकीसमोरच्या भिंतीवर चौकटीत लावला होता. वडिलांना जाड चष्मा. आणि फोटोत चष्म्याच्या जागी नुसती दोन पांढरी बटणं. वडील गेले तेव्हा भाऊ इतके लहान, की त्यांना वडिलांचा आवाज आठवायचा, हात आठवायचे, पण डोळे आठवायचे नाहीत. आई तर त्याआधीच गेली होती आणि तिचा फोटो नव्हताच. फोटोवाल्याच्या घरात बायकांचे फोटो नसतात, हा नियम त्या घरात दोन पिढ्या पाळला गेला होता.

"घरात फोटोग्राफर आणि माझा एक फोटो नाही," वहिनी म्हणायच्या.

"मग पडदा कोण धरणार? तू?" भाऊ म्हणायचे. आपण काय बोललो हे त्यांना कळायचं नाही. वहिनींना कळायचं. प्रत्येक फोटोच्या वेळी खिडकीचा पडदा हवा तेवढाच बाजूला धरून उभं राहायचं, हे काम त्यांचं होतं. दुसरं काम प्रिंटवर धुळीचे पांढरे ठिपके येत, ते बारीक कुंचल्यानं बुजवायचं.

तर आता मुख्य अंक. आमच्या कंपनीला पंचवीस वर्षं होत होती आणि त्याचा महोत्सव ठरला होता. कंपनीचे मालकच आमचे नायक. वय लपवणारे, टक्कल न लपणारे. त्यांनी जाहीर केलं की नाट्यगृहाच्या दारातल्या काचेच्या कपाटात सगळ्या नटांचे रंगीत फोटो लागतील. गावात त्याआधी रंगीत फोटो कुणी लावले नव्हते. मालकांच्या मेव्हण्यानं परदेशातून एक रोल आणून दिला. तो धुवायला दूरच्या मोठ्या शहरात पाठवायचा होता, आणि यायला महिना लागणार होता.

"भाऊ, एक सांगून ठेवतो," मालक म्हणाले. "मेकअप केला की माझं कपाळ चमकतं. माझं टक्कल चमकतं. लोक नाटक सोडून त्यात आपलं तोंड बघतात. मला फोटोत चमक नको."

हे म्हणजे वाघाला मटणाचा आग्रह करण्यासारखं झालं. तोवर भाऊ माणसांच्या फोटोत फिल्टर चष्म्यापुरताच फिरवायचे. या वेळी आम्ही एकेक जण तोंडाला रंग चोपडून, तुपात तळल्यासारखे चमकत, खिडकीच्या आडव्या उजेडात स्टुलावर बसलो आणि भाऊंनी काच अगदी शेवटपर्यंत फिरवली. कपाळं विझली. गाल विझले. नाकाचे शेंडे विझले. भाऊंच्या चेहऱ्यावर मी एवढं समाधान पूर्वी कधी पाहिलं नव्हतं.

महिन्यानं फोटो आले. रंग काय सांगू! माझा शालू असा जांभळा, की हात लावावा. मालकांचा अंगरखा मखमलीसारखा. टक्कल तर इतकं शांत, की त्यावर लिहिता आलं असतं. सगळे एकदम म्हणाले, वा! मग सगळे पुन्हा जवळ जाऊन बघायला लागले. कुणीतरी हळूच म्हणालं, "छान आहेत. पण..." पणच्या पुढे कुणालाच जाता येईना.

फोटो कपाटात लागले. दुसऱ्या दिवशी पोस्टमन कपाटासमोर थांबला, त्यानं टोपी काढली, क्षणभर उभा राहिला आणि निघून गेला. तिकीटखिडकीवर एका बाईनं विचारलं, "राणीचं काम करायच्या त्या कशानं हो गेल्या?" मी शेजारीच उभी होते. मी म्हटलं, "अपचनानं." विम्याचा एजंट मालकांच्या घरी जाऊन मालकीणबाईंना धीर देऊन आला. आणि परगावाहून मालकांच्या सासूबाई दोन पिशव्या घेऊन, बसमध्ये रडत रडत, जावयाच्या दारात आल्या. मालक जेवायला बसले होते.

"या सासूबाई. अशा अचानक?"

सासूबाईंच्या चेहऱ्यावर त्या क्षणी जे आलं ते मला रंगभूमीवर कधी जमलं नाही. आनंद होता, पण त्याला केलेली तयारी वाया गेल्याची किनार होती.

तिकीटविक्री ओसरली. मेलेल्यांचं नाटक कोण बघायला येणार? फोटोत नेमकं चुकलंय काय हे मात्र कुणाला सांगता येईना. मेकअपवाले म्हणाले, रोल परदेशी आहे, त्याला आपली तोंडं मानवली नसतील. रस्त्यापलीकडचा स्टुडिओवाला, ज्याला आम्ही लखलखाट म्हणायचो कारण तो कुणाच्याही तोंडावर धाडकन फ्लॅश उडवायचा, तो कपाटासमोर उभा राहून मोठ्यानं हसून गेला. फक्त वर्तमानपत्रातल्या समीक्षकांनी दोन रकाने स्तुती केली. या छायाचित्रांत आधुनिक माणसाचं रिकामेपण प्रथमच नितळपणे उतरलं आहे, असं त्यांनी लिहिलं. बिचारे मनापासून लिहायचे. आमची नाटकं बघतानाही त्यांना असंच काहीतरी दिसायचं आणि ते बघून आम्हालाच बरं वाटायचं.

मालकांनी वर्तमानपत्राचा तो अंक भाऊंसमोर टेबलावर आपटला.

"मला रिकामेपण नकोय, भाऊ. हाउसफुल्ल पाहिजे."

"मालक, चकाकी काढायला तुम्हीच..."

"चकाकी काढा म्हटलं होतं. जीव काढा म्हटलं नव्हतं! हे बघा, ही खोली तुमच्या वडिलांपासून तुमच्याकडे आहे, हे मी विसरलो नाही. पण महोत्सवाच्या पहिल्या प्रयोगाला माझी माणसं त्या कपाटात जिवंत दिसली नाहीत, तर खोली लखलखाटला. त्यानं तसं विचारून ठेवलंय. त्याला म्हणे ही खिडकी बुजवून तिथे कपाट करायचंय."

मालक आधी पोट पाठवून, मागून स्वतः जिना उतरले. भाऊ बराच वेळ खिडकीकडे बघत बसले. खोली गेली तर दुसरी मिळाली असती. पण त्या खिडकीच्या उजेडात बापानं काम केलं होतं, आणि ती विटांनी बुजणार होती. पुन्हा रंगीत रोल मागवून, काढून, धुऊन येईपर्यंत महोत्सव संपला असता. हाताशी काळेपांढरे रोल होते. पण चूकच कळली नाही तर रोल कुठलाही असो, प्रेतंच निघणार.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी वर गेले. माझा फोटो पुन्हा काढून बघायचं ठरलं होतं. भाऊ डोकं धरून बसलेले. वहिनी कपाटातून काढून आणलेल्या त्या रंगीत प्रिंटांवर वाकलेल्या, हातात कुंचला, आणि कुंचला कोरडा.

"अहो," त्या म्हणाल्या, "या फोटोंत मला कामच नाही उरलं."

"धूळ नसेल पडली."

"धुळीचं नाही म्हणत. पहिल्या दिवशी तुम्हीच शिकवलंत ना मला, की पांढरा ठिपका दिसेल तो बुजव, पण डोळ्यातला ठिपका सोड. यांच्या डोळ्यांत सोडायला काही नाहीचे."

भाऊंनी सगळे प्रिंट ओढून घेतले. माझा डोळा बघितला, मालकांचा बघितला, विदूषकाचा बघितला. सगळ्यांच्या बुबुळांत नुसता अंधार. विहिरीत वाकून बघावं तसा.

"डोळ्यातला ठिपका म्हणजे..." भाऊ म्हणाले आणि थांबले.

"चकाकीच की," वहिनी म्हणाल्या.

"कपाळाची काढताना तीही गेली. मी कपाळच बघत होतो." मग त्यांचा आवाज एकदम चढला. "पण चकाकी वाईटच गं! ते बघ, बाबांच्या फोटोत ठिपका नाही, थाळ्या आहेत थाळ्या. त्या थाळ्यांनी माझ्या बापाचे डोळे खाल्ले!"

"तो फोटो कधी नीट बघितलाय तुम्ही?"

"रोज बघतो."

"रोज रागावता त्याच्यावर. ते बघणं नव्हे."

भाऊ उठले ते तावातावानं. चौकट खिडकीसमोर असल्यामुळे तिच्या काचेवर कायम खिडकीची चमक पडलेली असायची. जवळ जाऊन बघावं तर स्वतःचीच सावली दिसायची. भाऊंनी खिशातून फिल्टर काढला, बाजूला तिरके उभे राहिले, डोळ्यापुढे धरून फिरवला. चौकटीच्या काचेवरची चमक विरघळली. आतला फोटो पहिल्यांदाच कोरडा, स्वच्छ समोर आला. पांढरी बटणं मात्र तशीच राहिली. चकाकी एकदा फोटोत जाऊन बसली की कुठल्याही काचेला हलत नाही. भाऊंनी दुसऱ्या हातानं भिंग घेतलं. स्टुलावर चढले. मग खाली बघितलं नाही, वर बघितलं नाही, नुसते तसेच उभे राहिले.

"भाऊ, पडाल," मी म्हटलं.

"ताई, जरा इकडे या."

मी चढले. स्टुलावर आम्ही दोघं, मी एका पायावर. भाऊंनी भिंग आणि फिल्टर माझ्या डोळ्यापुढे धरला. डाव्या बटणात उभे-आडवे गज होते. म्हणजे खिडकी. हीच खिडकी. आणि खिडकीच्या कडेला एक बारीक काळी आकृती. हात वर केलेला. हातात पडदा.

"आई आहे," भाऊ म्हणाले. पोस्टमन आलाय, असं सांगावं तितक्या साध्या आवाजात. "बाबा बघा कसे बसलेत. मान बघा ताई. ते कॅमेऱ्याकडे बघतच नाहीयेत. तिच्याकडे बघतायत."

वहिनींनी स्टूल घट्ट धरून ठेवलं होतं, म्हणून आम्ही दोघं पडलो नाही.

खाली उतरताना भाऊ म्हणाले, "ही काच बाबांकडे असती, तर त्यांनी चकाकीबरोबर आईलाही काढून टाकलं असतं." ते काचेवर रागावलेले दिसले नाहीत. तिच्याशिवाय आई दिसलीच नसती, हेही त्यांना कळत होतं. त्यांनी नाक ओढलं आणि एकदम फोटोवाल्याच्या आवाजात ओरडले, "अगं, काळापांढरा रोल भर आणि पडदा धर! ताई, बसा."

मी बसले. भाऊंनी काच फिरवली, सगळी चकाकी गेली तिथपर्यंत नेली, आणि मग, मी हे माझ्या डोळ्यांनी पाहिलं, सावकाश मागे आणली. भाऊंनी चकाकी परत आणताना मी तोवर पाहिलं नव्हतं. कुणीतरी आपल्या हातानं घराचा दरवाजा उघडा ठेवावा, तशी ती चकती मागे आली.

"कपाळावर थोडी राहील, ताई."

"राहू दे. घामानंच कमावलंय सगळं."

मग एकेक करून सगळे आले. शेवटी मालक.

"टक्कल चमकायला नको, आणि डोळे मात्र जिवंत पाहिजेत," मालकांनी हुकूम सोडला.

"मालक, तुमचं टक्कल आणि तुमचे डोळे, दोघांना एकाच खिडकीतून शिधा येतो. एकाचा बंद केला की दुसराही उपाशी. कुणाला जेवू घालायचं ते सांगा."

मालकांनी विचार केला. मी त्यांना हिशेबाखेरीज एवढा विचार करताना पाहिलं नव्हतं. मग त्यांनी खाली निरोप पाठवून राजाचा केसांचा टोप मागवला.

महोत्सवाच्या दिवशी सकाळी नवे फोटो कपाटात लागले. काळेपांढरे. रंगीत नाहीत म्हणून मालक धुसफुसत होते. लखलखाट रस्त्यापलीकडे हाताची घडी घालून उभा होता आणि खोलीचं माप घ्यायला त्यानं टेप खिशात आणली होती, ती बाहेर लोंबत होती. भाऊ जिन्याच्या खालच्या पायरीवर बसले होते. कुणी काही बोलायच्या आत सासूबाई आल्या. जावई जिवंत निघाल्यापासून त्या मुक्कामालाच राहिल्या होत्या. त्यांनी कपाटासमोर उभं राहून मालकांचा फोटो वरपासून खालपर्यंत बघितला. डावीकडे सरकल्या. उजवीकडे सरकल्या. मग अख्ख्या रस्त्याला ऐकू जाईल असं म्हणाल्या,

"कुठेही जा, माझ्याकडेच बघतोय मेला!"

गर्दी हसली. हसणारी गर्दी तिकिटाच्या खिडकीकडे वळायला वेळ लागत नाही, हे आमच्या धंद्यातलं जुनं ज्ञान आहे. लखलखाटनं टेप खिशात ढकलली. मालकांनी खोलीबद्दल पुढे काहीच काढलं नाही. मोठी माणसं माफी मागत नाहीत, विषय विसरतात. समीक्षकांनी मात्र लिहिलं की नव्या छायाचित्रांत आधीची खोली राहिली नाही.

त्या रात्रीच्या प्रयोगाचं मी सांगत बसत नाही, तुमची सुटका करते. सांगायचं ते दुसरंच. त्यानंतर वहिनींनी भिंग घेऊन सगळे फोटो तपासले. प्रत्येकाच्या डोळ्यात एक खिडकी, आणि खिडकीच्या कडेला एक काळी रेघ.

"ही मी?"

"तूच."

"नखाएवढी?"

"नखाच्या टोकाएवढी," भाऊ म्हणाले. "पण गावातल्या सगळ्यांच्या डोळ्यांत आहेस. आणखी काय पाहिजे?"

"एक अख्खा फोटो," वहिनी म्हणाल्या.

तो त्यांनी काढला का? काढला. वहिनींना स्टुलावर बसवलं, आणि मग पडदा धरायला कुणी नाही म्हणून भाऊ स्वतःच खिडकीपाशी उभे राहिले आणि बापाच्या त्या जुन्या रबरी नळीचा फुगा तिथून दाबला. फोटो थोडा हलला आहे. वहिनी हसत होत्या आणि त्यांना कुणी हलू नका म्हणालं नव्हतं. पुढची कित्येक वर्षं गावातले लग्नाळू, पदवीधर, पुढारी त्या स्टुलावर बसले आणि भाऊ प्रत्येकाची चकाकी पुरती काढून मग जराशी परत देत राहिले. पुढाऱ्यांना जरा कमी द्यायचे, असं माझं निरीक्षण आहे.

परवापरवा भाऊ गेले. वय झालं होतं. दवाखान्यात खिडकीजवळची खाट मिळावी म्हणून त्यांनी असा आरडाओरडा केला होता, की डॉक्टरांना वाटलं, याला काहीएक झालेलं नाही. मी भेटायला गेले त्या दुपारी ऊन तिरपं होऊन थेट त्यांच्या तोंडावर आलं. वहिनी उठल्या, खिडकीपाशी गेल्या आणि पडदा ओढायला त्यांनी हात वर केला. भाऊंनी डोळे उघडले. त्यांचा हात खिशाकडे गेला. दवाखान्याच्या कपड्यांना खिसा नव्हता. मग त्यांनी नुसताच एक डोळा मिटला, आम्हाला पाठ असलेल्या त्या पद्धतीनं, आणि वहिनींकडे बघत म्हणाले,

"ओढू नकोस. तशीच धरून उभी राहा, म्हणजे फोटोत तूही येशील."